संयुग्मी आम्ल-आम्लारींची पाठमालिका: जोड्या अचूक जुळतात, तीव्रतेपाशी गाडी घसरते

रसायनशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात आम्ल आणि आम्लारी यांचे प्रकरण सुरू झाले, की त्यांच्या व्याख्या बहुतेक विद्यार्थी चटकन सांगतात. अडखळतात ते त्यापुढच्या पायरीवर. अमोनिया पाण्यात विरघळला की अमोनियम आयन आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात, इथपर्यंत सारे ठीक असते. पण या चौघांपैकी कोण कोणाचा जोडीदार, आणि बाण उलटा वाचला तर आम्लाची भूमिका कोणाकडे जाते, असे विचारले की उत्तरे चारी दिशांना पांगतात. संयुग्मी जोड्यांच्या, म्हणजे नेमक्या एका प्रोटॉनाचा (हायड्रोजन आयनाचा) फरक असलेल्या आम्ल-आम्लारी जोड्यांच्या, या एकाच घटकाला वाहिलेली नऊ पाठांची एक सशुल्क ऑनलाइन पाठमालिका मी शिकवणाऱ्याच्या नजरेने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि तिच्याबरोबरचा प्रश्नसंचही सोडवून पाहिला. तिचे नाव मी येथे घेत नाही, कारण तिच्यातील मुख्य उणीव तिच्या एकटीची नाही. त्याच त्या चुकीच्या ओळी मी कितीतरी टिपणांत आणि वर्गांत ऐकल्या-वाचल्या आहेत. अशी कोणतीही पाठमालिका निवडताना नेमके काय तपासावे, हे या परीक्षणातून वाचकाच्या हाती लागावे, एवढीच माझी इच्छा आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. पहिले पाच पाठ इतके नेटके आहेत, की नवशिक्या विद्यार्थ्याने ते जरूर पाहावेत. सहावा पाठ, ज्यात संयुग्मी जोडीतील दोघांच्या तीव्रतेचा संबंध सांगितला आहे, तो आहे त्या स्वरूपात विद्यार्थ्यापुढे ठेवू नये. सातवा आणि आठवा चांगले आहेत, आणि नववा घाईघाईने उरकलेला आहे.

सुरुवात व्याख्येने होत नाही, ही पहिली जमेची बाजू. पहिल्या पाठात संहत हायड्रोक्लोरिक आम्लाची आणि संहत अमोनियाची अशा दोन उघड्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात आणि त्यांच्या तोंडांपाशी पांढऱ्या धुराचे लोट उठतात. तो धूर म्हणजे हवेतच तयार झालेल्या अमोनियम क्लोराइडचे बारीक कण. अभिक्रिया दोन वायूंमध्ये घडली; त्यासाठी पाण्याचे द्रावण लागले नाही आणि हायड्रॉक्साइड आयनाचा तर पत्ताच नाही. मग निवेदक विचारतो, की अऱ्हेनियसच्या कल्पनेप्रमाणे आम्ल म्हणजे पाण्यात हायड्रोजन आयन देणारा आणि आम्लारी म्हणजे हायड्रॉक्साइड आयन देणारा पदार्थ असेल, तर इथे अमोनियाला आम्लारी कोणत्या आधारावर म्हणायचे? अऱ्हेनियसने आयनांविषयीचा आपला प्रबंध १८८४ मध्ये सादर केला होता आणि त्याच कामासाठी त्याला १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची व्याख्या खोटी नाही, तिची हद्द मात्र पाण्यापुरती आहे, हे पाठात फार समतोल शब्दांत सांगितले आहे. जुना सिद्धांत मोडीत काढून नव्याची आरती ओवाळण्याची सवय शिकवणाऱ्यांना फार असते. इथे ती नाही.

त्यानंतर १९२३ येते. डेन्मार्कमध्ये ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडमध्ये लॉरी यांनी त्या वर्षी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तोच विचार मांडला: आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा, आम्लारी म्हणजे प्रोटॉन घेणारा. अमोनियाने हायड्रोजन क्लोराइडकडून प्रोटॉन घेतला, एवढे म्हटले की पांढऱ्या धुराचा उलगडा होतो. या व्याख्येचा खरा लाभ मात्र पुढे आहे, आणि पाठमालिकेने तो ओळखला आहे. ज्याने प्रोटॉन दिला, त्याच्याकडे आता तो परत घेण्याची जागा आहे. ज्याने घेतला, त्याच्याकडे आता देण्याजोगा एक प्रोटॉन आहे. म्हणजे प्रत्येक आम्ल प्रोटॉन दिल्यावर एक आम्लारी मागे ठेवते आणि प्रत्येक आम्लारी प्रोटॉन घेतल्यावर एक आम्ल होतो. संयुग्मी जोडी ही अशी व्याख्येतूनच निघते, ती वेगळी पाठ करण्याची गोष्ट नाही. हे पहिल्याच पाठाच्या शेवटी, कोणतीही पारिभाषिक संज्ञा पडद्यावर येण्याआधी सांगितल्यामुळे दुसऱ्या पाठात ती संज्ञा आली, तेव्हा तिचा भार वाटत नाही.

दुसरा पाठ या मालिकेतील सर्वांत सुंदर आहे. त्यात हायड्रोजन क्लोराइडचा एक रेणू आणि पाण्याचा एक रेणू एवढीच पात्रे आहेत. पाण्यातील ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनांच्या दोन एकाकी जोड्या ठळक ठिपक्यांनी दाखवल्या आहेत. त्यांपैकी एक जोडी हायड्रोजनकडे झेपावते, नवा बंध तयार होऊ लागतो आणि त्याच वेळी हायड्रोजन व क्लोरीन यांमधला जुना बंध ताणला जाऊन तुटतो. इथे चित्र काही क्षण थांबवले आहे, आणि तेच या पाठाचे मर्म आहे: तुटलेल्या बंधातील दोन्ही इलेक्ट्रॉन क्लोरीनकडेच राहतात. हायड्रोजन गेला तो केवळ केंद्रकासह, म्हणजे नुसता प्रोटॉन म्हणून. त्यामुळे क्लोरीनकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा झाला आणि तो क्लोराइड आयन झाला. उलट पाण्याने एक धन प्रभार आपलासा केला आणि तो हायड्रोनिअम आयन झाला. प्रोटॉन गेला की प्रभार एकाने कमी होतो आणि आला की एकाने वाढतो, हा नियम बहुतेक विद्यार्थी डोळे मिटून वापरतात आणि म्हणूनच दोन प्रभार असलेला आयन समोर आला की चुकतात. इलेक्ट्रॉनांची जोडी मागे राहताना ज्याने एकदा पाहिली, तो फॉस्फेटच्या तीन प्रभारांपाशीही डगमगत नाही.

याच पाठात चेंडू फेकणारा आणि झेलणारा अशी उपमाही दिली आहे. ती नसती तर बरे झाले असते. चेंडू फेकणारा स्वतः तो सोडतो आणि झेलणारा वाट पाहत उभा असतो. प्रत्यक्षात आम्ल आपण होऊन प्रोटॉन भिरकावत नाही, आम्लारीची इलेक्ट्रॉन-जोडी तो ओढून घेते. पाण्यासारखा घेणारा समोर नसेल, तर हायड्रोजन क्लोराइड हा वायू म्हणून रेणूच राहतो. चित्राने जे इतके अचूक दाखवले, ते उपमेने थोडे पुसट केले, असे माझे मत झाले.

तिसऱ्या आणि चौथ्या पाठात जोड्या ओळखण्याचा सराव आहे. पद्धत साधी ठेवली आहे: समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असे दोन घटक शोधा, ज्यांच्यात नेमका एका प्रोटॉनचा फरक आहे. ॲसेटिक आम्ल आणि पाणी यांच्या अभिक्रियेत ॲसेटिक आम्ल व ॲसिटेट आयन ही एक जोडी, आणि हायड्रोनिअम आयन व पाणी ही दुसरी. जोडीतील एक नेहमी बाणाच्या डावीकडे आणि दुसरा उजवीकडे असतो; एकाच बाजूचे दोघे कधीही एकमेकांचे संयुग्मी नसतात. हे शेवटचे वाक्य मी कोणत्याही वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवावे अशा मताचा आहे, कारण डावीकडचे आम्ल आणि डावीकडचा आम्लारी यांनाच जोडी समजण्याची चूक फार सर्रास होते. पाठात आम्लांना लाल आणि आम्लारींना निळा रंग दिला आहे आणि जोडीला खालून कंस जोडला आहे, त्यामुळे पाहताक्षणी नाते कळते. मात्र चौथ्या पाठात अचानक रंगांचा अर्थ बदलतो; तिथे एक रंग एका जोडीला आणि दुसरा रंग दुसऱ्या जोडीला दिला आहे. दोन्ही पद्धती आपापल्या परीने योग्य आहेत, पण मध्येच बदल करताना तो सांगायला हवा होता.

पाचव्या पाठात पाणी केंद्रस्थानी येते. हायड्रोजन क्लोराइडसमोर पाणी आम्लारी असते, अमोनियासमोर ते आम्ल असते. म्हणून पाण्याला संयुग्मी आम्लही आहे, हायड्रोनिअम आयन, आणि संयुग्मी आम्लारीही आहे, हायड्रॉक्साइड आयन. बायकार्बोनेट, हायड्रोजन सल्फेट आणि डायहायड्रोजन फॉस्फेट हे आयनही त्याच माळेतले. या पाठाची मांडणी विद्यार्थ्याच्या मनातील एक घट्ट गैरसमज सोडवते: आम्ल असणे किंवा आम्लारी असणे हा एखाद्या पदार्थाच्या अंगावर कायमचा मारलेला शिक्का नाही, ती त्या अभिक्रियेतील भूमिका आहे. पदार्थ तोच राहतो. समोर कोण आहे त्यावर त्याची भूमिका ठरते.

या पाठाला जोडलेल्या प्रश्नसंचाविषयी थोडे सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण पैशांचा मोबदला खरा तिथे मिळतो. एक प्रश्न असा आहे: हायड्रोनिअम आयनाचा संयुग्मी आम्लारी कोणता? पर्यायांत पाणी, हायड्रॉक्साइड आयन, हायड्रोजन वायू आणि ऑक्साइड आयन आहेत. चुकीचे पर्याय उगाच भरलेले नाहीत. प्रत्येकामागे एक ओळखता येणारी चूक आहे. हायड्रोनिअम म्हटले की हायड्रॉक्साइड आठवणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, कारण पाण्याच्या स्वयं-आयनीभवनात, म्हणजे पाण्याचा एक रेणू दुसऱ्याला प्रोटॉन देतो तेव्हा, दोघे नेहमी एकत्र येतात. तो पर्याय निवडला, तर उत्तर चूक आहे असे नुसते लाल अक्षरांत येत नाही. हायड्रोनिअम आणि हायड्रॉक्साइड यांच्यात दोन प्रोटॉनांचा फरक कसा आहे, आणि त्या दोघांच्या मधोमध पाणी कसे उभे आहे, हे तीन छोट्या चित्रांत दाखवले जाते. कार्बोनिक आम्लाचा संयुग्मी आम्लारी म्हणून कार्बोनेट निवडणाऱ्यालाही असेच, मधली बायकार्बोनेटची पायरी दाखवून, मागे आणले जाते. अशी काळजीपूर्वक रचलेली स्पष्टीकरणे लिहायला शिकवण्याचा दीर्घ अनुभव लागतो आणि ज्याने ती लिहिली, त्याच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आता सहावा पाठ. विषय असा, की आम्ल जितके तीव्र, तितका त्याचा संयुग्मी आम्लारी सौम्य. आणि आम्ल जितके सौम्य, तितका त्याचा संयुग्मी आम्लारी तुलनेने तीव्र. हे तुलनेचे विधान आहे आणि ते बरोबर आहे. पाठाची पहिली काही मिनिटे याच रुळावर चालतात. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत येते: ‘सौम्य आम्लाचा संयुग्मी आम्लारी तीव्र असतो.’ आणि उदाहरण म्हणून ॲसेटिक आम्ल व ॲसिटेट आयन दिले जातात. तुलनेतून निघालेला ‘अधिक’ हा शब्द गळून पडला आणि विधान सपशेल खोटे झाले.

किती खोटे, ते आकड्यांत पाहण्याजोगे आहे. लिटरमागे ०.१ मोल ॲसेटिक आम्ल असलेल्या द्रावणात २५ अंश सेल्सिअसला दर लाख रेणूंमागे साधारण तेराशे रेणूंचे विचरण झालेले असते. म्हणजे हे आम्ल सौम्य आहे, यात वाद नाही. आता लिटरमागे तेवढेच मोल असलेले सोडियम ॲसिटेटचे द्रावण घ्या. त्यातील ॲसिटेट आयन जर खरोखर तीव्र आम्लारी असता, तर त्यातील जवळजवळ प्रत्येकाने पाण्याकडून प्रोटॉन ओढून घेतला असता आणि द्रावणाचा सामू १३ च्या आसपास गेला असता. प्रत्यक्षात तो सुमारे ८.९ असतो. दर लाख ॲसिटेट आयनांपैकी प्रोटॉन घेण्यात यशस्वी होतात ते जेमतेम सात-आठ. तेव्हा ॲसेटिक आम्ल सौम्य आहे आणि त्याचा संयुग्मी आम्लारी त्याहूनही सौम्य आहे. पाठ नेमके उलटे सांगतो.

कोणी म्हणेल, ॲसेटिक आम्ल फार सौम्य नाही, म्हणून असे झाले असेल. मग हायड्रोसायनिक आम्ल घेऊ. त्याचा पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा; तो जितका मोठा, तितके आम्ल सौम्य) सुमारे ९.२ आहे, म्हणजे ते ॲसेटिक आम्लापेक्षा कितीतरी सौम्य. त्याचा संयुग्मी आम्लारी सायनाइड आयन. त्याची ताकद किती? जवळजवळ अमोनियाइतकी. आणि अमोनियाला सौम्य आम्लारीचे पहिले उदाहरण म्हणून आपण सारेच शिकवतो. सौम्य आम्ल आणि सौम्य आम्लारी ही जोडी म्हणजे अपवाद नाही. पाण्यात भेटणाऱ्या बहुसंख्य जोड्या तशाच असतात. संयुग्मी आम्लारी खऱ्या अर्थाने तीव्र असायचा, तर त्याचे आम्ल इतके दुबळे असावे लागते, की पाण्यात ते आम्ल म्हणून वागतच नाही. अमोनियाने प्रोटॉन गमावल्यावर उरणारा अमाइड आयन असा आहे. पाण्यात टाकताच तो पुरताच प्रोटॉन ओढून घेऊन पुन्हा अमोनिया होतो आणि मागे हायड्रॉक्साइड ठेवतो. दुसऱ्या टोकाला क्लोराइड आयन आहे, जो हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या तीव्र आम्लाचा संयुग्मी असल्याने पाण्यात आम्लारी म्हणून नगण्य ठरतो. या दोन टोकांच्या मध्ये जो विस्तीर्ण पट्टा आहे, तो सगळा सौम्य-सौम्य जोड्यांचा आहे आणि प्राथमिक अभ्यासक्रमातील निम्मी गणिते त्याच पट्ट्यात घडतात.

एवढ्यावर भागत नाही. याच पाठात जोडीतील दोघांच्या स्थिरांकांचा संबंधही दिला आहे: आम्लाचा पीकेए आणि त्याच्या संयुग्मी आम्लारीचा पीकेबी (आम्लारीसाठीचा तसाच आकडा) यांची बेरीज २५ अंश सेल्सिअसला १४ होते. हे सूत्र अचूक आहे, आणि त्याच्यावरूनच वरचे विधान चुकीचे ठरते. ॲसेटिक आम्लाचा पीकेए ४.७६, म्हणून ॲसिटेटचा पीकेबी ९.२४. ज्याचा पीकेबी ९ च्या वर आहे, त्याला तीव्र म्हणता येत नाही, हे पाठ तयार करणाऱ्यांच्या लक्षात कसे आले नाही, याचे मला नवल वाटते. सूत्र एका चौकटीत आणि त्याला छेद देणारे वाक्य शेजारच्या चौकटीत, अशी ही अवस्था आहे. मी पाठमालिकेच्या चालकांना याविषयी सविस्तर लिहिले. उत्तर सौजन्यपूर्ण आले आणि प्रश्नसंचातील त्या आशयाचा एक प्रश्न बदलला गेला. दृक्‌श्राव्य पाठ मात्र हे लिहीपर्यंत तसाच आहे.

सातवा पाठ समतोल कोणत्या बाजूला झुकतो, याचा आहे, आणि तो सहाव्याच्या मानाने इतका स्वच्छ आहे, की दोन्ही एकाच हाताने लिहिले असावेत असे वाटत नाही. नियम असा, की अभिक्रिया अधिक सौम्य आम्ल आणि अधिक सौम्य आम्लारी यांच्या बाजूला झुकते. हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि सायनाइड आयन एकत्र आले तर काय होईल? एका बाजूला ३.२ पीकेए असलेले आम्ल, दुसऱ्या बाजूला ९.२ असलेले, फरक सहाचा, म्हणजे समतोल किती झुकतो ते सांगणारा समतोल स्थिरांक दहाचा सहावा घात, साधारण दहा लाख. प्रोटॉन बहुतांशी सायनाइडकडे जातो. दोन संयुग्मी जोड्या एकाच प्रोटॉनासाठी स्पर्धा करत आहेत, असे पाहायला या पाठात शिकवले आहे. त्यामुळे चारही घटक एका दृष्टिक्षेपात मावतात. सोबत पीकेएच्या चढत्या क्रमाचा तक्ता आहे. डाव्या रकान्यात आम्ल, उजव्या रकान्यात त्याचा संयुग्मी आम्लारी. वरच्या ओळीतील कोणतेही आम्ल खालच्या ओळीतील कोणत्याही आम्लारीला प्रोटॉन देण्याकडे झुकते, एवढे एक वाक्य समजले, की तक्ता पाठ करावा लागत नाही.

या तक्त्यात एक कमतरता आहे. हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक आणि पर्क्लोरिक आम्ल हे तिघेही सर्वांत वर एकाच ओळीत, ‘तीव्र’ म्हणून ठेवले आहेत आणि ते का, याचा खुलासा नाही. पाण्यात ही तिन्ही आम्ले आपला प्रोटॉन पाण्यालाच देऊन टाकतात, त्यामुळे द्रावणात उरतो तो हायड्रोनिअम आयन. त्याच्याहून तीव्र आम्ल पाण्यात टिकूच शकत नाही, म्हणून तिघांमधील फरक पाण्यात दिसत नाही. शुद्ध ॲसेटिक आम्लासारख्या, प्रोटॉन घ्यायला कमी उत्सुक असलेल्या द्रावकात हाच फरक उघड होतो आणि पर्क्लोरिक आम्ल पुढे निघून जाते. दोन मिनिटांत सांगता आली असती अशी ही गोष्ट आहे, आणि तीव्रता ही द्रावकावरही अवलंबून असते, हे विद्यार्थ्याला सुरुवातीपासूनच कळलेले बरे.

आठव्या पाठात क्षारांची द्रावणे आहेत. सोडियम क्लोराइड, अमोनियम क्लोराइड आणि सोडियम ॲसिटेट यांची लिटरमागे ०.१ मोलची द्रावणे तीन चंचुपात्रांत घेऊन त्यांचा सामू मोजला आहे. पहिल्याचा ७ च्या जवळ, दुसऱ्याचा सुमारे ५.१, तिसऱ्याचा सुमारे ८.९. क्षार म्हणजे उदासीन, अशी समजूत घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला हा धक्का चांगला बसतो. अमोनियम आयन हा अमोनियाचे संयुग्मी आम्ल आहे आणि तो पाण्याला प्रोटॉन देतो, ॲसिटेट हा संयुग्मी आम्लारी आहे आणि तो पाण्याकडून घेतो, सोडियम आणि क्लोराइड दोघेही तटस्थ राहतात: सारे स्पष्टीकरण पहिल्या पाठातील कल्पनेवर उभे राहते, नव्या नियमाची गरज पडत नाही. गंमत म्हणजे याच पाठातील ८.९ हा आकडा सहाव्या पाठातील विधान खोडून काढतो. चौकस विद्यार्थ्याला विसंगती इथे जाणवू शकते, आणि शिक्षकाने ती मुद्दाम दाखवून द्यावी.

तिसऱ्या चंचुपात्रात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे (सामूनुसार रंग बदलणाऱ्या पदार्थाचे) थेंब टाकल्यावर फिकट गुलाबी छटा येते, तेही पाठात दिसते. इथे एक सुरेख संधी हुकली आहे. दर्शक हा स्वतःच संयुग्मी जोडी असतो. त्याचे आम्लरूप एका रंगाचे आणि आम्लारीरूप दुसऱ्या रंगाचे असते. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग साधारण ८.२ ते १० या सामूदरम्यान बदलतो आणि मिथिल ऑरेंजचा ३.१ ते ४.४ दरम्यान, तो त्या त्या जोडीच्या पीकेएमुळे. संयुग्मी जोडी डोळ्यांनी दिसण्याची ही प्रयोगशाळेतील सर्वांत सोपी जागा, आणि निवेदक तिच्यावरून सरळ पुढे निघून जातो.

नवव्या पाठात बफर द्रावण आहे आणि तो पाठ अर्धवट वाटतो. सौम्य आम्ल आणि त्याचा संयुग्मी आम्लारी दोन्ही पुरेशा प्रमाणात एकत्र असले, की बाहेरून आलेले थोडे आम्ल आम्लारी टिपून घेतो आणि थोडा आम्लारी आला तर आम्ल त्याला प्रोटॉन देते. म्हणून सामू फारसा हलत नाही. एवढे सांगून रक्ताचे उदाहरण दिले आहे, ज्याचा सामू निरोगी माणसात ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो. कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांचे नाव येते, पण श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडण्याचा त्यात किती मोठा वाटा आहे, ते येत नाही. त्यामुळे ही जोडी बंद चंचुपात्रातील बफरसारखी वागते, असा चुकीचा समज होऊ शकतो.

सेवेविषयी थोडेसे. ध्वनी स्वच्छ आहे, निवेदनाचा वेग योग्य आहे आणि पाठ उतरवून घेऊन नंतर पाहता येतात. शंका विचारल्या तर उत्तर येते आणि ते विचारपूर्वक लिहिलेले असते. मोबाइलवर मात्र प्रश्नसंचातील सूत्रांच्या डोक्यावरची प्रभारचिन्हे कधी कधी गळतात. इतर विषयांत ही किरकोळ बाब ठरली असती. इथे प्रभार गेला की प्रश्नच चुकीचा होतो, कारण जोडीतील दोघांना वेगळे करणाऱ्या दोनच खुणांपैकी ती एक आहे. संगणकाच्या पडद्यावर ही अडचण आली नाही, म्हणून सराव तिथेच करावा.

जे विद्यार्थी हा घटक पहिल्यांदा शिकत आहेत, त्यांनी पहिले पाच पाठ सलग पाहून प्रश्नसंच सोडवावा, मग सहावा वगळून थेट सातव्याकडे जावे आणि आठव्यातील तिन्ही सामू स्वतः कागदावर काढून पाहावेत. सहाव्यातील पीकेए-पीकेबीचे सूत्र तेवढे वहीत उतरवून घ्यावे, कारण आठव्याच्या गणितांना ते लागते. शिक्षकांनी दुसरा पाठ वर्गात दाखवताना बंध तुटण्याच्या त्या क्षणी चित्र थांबवावे आणि पुढचे दाखवण्याआधी मुलांना विचारावे, की बंधातले दोन इलेक्ट्रॉन आता कोणाकडे राहतील आणि त्यामुळे कोणाचा प्रभार किती होईल.